बालीला जाताय? तुलांबेनचं लिबर्टी जहाज पहाटे सहाला बघा

काळीवाळू

मागे इथे बालीच्या सहलीवर धागा निघाला होता. त्यात एकाने विचारलं होतं की उबुदची माकडं आणि देवळं बघून झाली की पुढे काय करायचं. त्याला दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि आवरेना, म्हणून हा वेगळा धागा. डाइव्हिंगमध्ये रस नसेल त्यांनी निदान जहाजाची गोष्ट तरी वाचा.

विमानतळावरून गाडीने ईशान्येला अडीच-तीन तास गेलं की तुलांबेन येतं. गाव म्हणजे एक हमरस्ता, त्याच्या एका अंगाला आगुंग ज्वालामुखी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. किनाऱ्यावर पांढरी वाळू वगैरे काही नाही, सगळे काळे गुळगुळीत गोटे. त्यांच्यावरून तोल सांभाळत पाण्यात शिरायचं, जरा पोहायचं, की खाली जहाज. बोट लागतच नाही. एवढं मोठं जहाज काठावरून चालत जाऊन बघता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

जहाजाचं नाव यूएसएटी लिबर्टी (यूएसएटी म्हणजे अमेरिकी लष्कराचं वाहतूक जहाज). १९१८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कर्नी इथे बांधलेलं, जवळपास सव्वाशे मीटर लांबीचं मालवाहू. पहिलं महायुद्ध संपता संपता घोडे घेऊन फ्रान्सला गेलं, नंतर वीसेक वर्षं साधी मालवाहतूक केली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या कामाला लागलं. जानेवारी १९४२ मध्ये रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपीन्सकडे चाललं होतं. ११ तारखेला बाली आणि शेजारच्या लोंबोक बेटामधल्या लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो बसला. लगेच काही बुडालं नाही. पॉल जोन्स ही अमेरिकी आणि व्हान घेंट ही डच, अशा दोन विनाशिकांनी दोर लावून त्याला सिंगाराजा बंदराकडे ओढत न्यायला सुरुवात केली. पण आत पाणी इतकं भरत गेलं की बंदर गाठणं अवघड दिसायला लागलं. निदान माल तरी हाती लागेल म्हणून तुलांबेनच्या काठावर चढवलं.

मग एकवीस वर्षं ते तिथे काठावरच पडून होतं! माल उतरवला गेला, कामाचं लोखंड काढून नेलं गेलं. १९६३ मध्ये आगुंग फुटला. त्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली, पूर्व बालीतली गावं उद्ध्वस्त झाली. त्या हादऱ्यांत जहाज काठावरून घसरलं आणि समुद्रातल्या उतारावर कुशीवर जाऊन पडलं. आज त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे आणि सगळ्यात खोल भाग तीस मीटरच्या आसपास. टॉर्पेडोला जे जमलं नाही ते डोंगराने केलं.

आता खालचं. डेक, केबिन, जिने असं सिनेमातलं जहाज बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. सांगाडा पार फाटलेला आहे, पत्रे आडवेतिडवे, मध्येच बॉयलर, एका टोकाला तोफ. आणि यातलं काहीही नुसतं लोखंड म्हणून शिल्लक नाही. सगळ्यावर स्पंज, मऊ पोवळी, माणसाच्या उंचीचे समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरलेली पोवळी). माझ्या गाइडने तोफेकडे बोट दाखवलं तेव्हा दोन-तीन क्षण कळेना की यात तोफ कुठे आहे.

पहाटे सहाला जा असं म्हणतेय त्याचं कारण बंपहेड पॅरटफिश. कपाळावर टेंगूळ आलेले, मीटरभर लांबीचे, हिरवट करडे मासे. रात्री ते जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडलं की कळपाने बाहेर पडतात. पोवळं चावताना कडाकडा आवाज येतो, पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. दिवस वर आला की ते निघून जातात आणि साडेनऊच्या सुमाराला दक्षिण बालीहून गाड्या भरभरून गट यायला लागतात. मग माशांपेक्षा माणसांच्या फिनाच (पायात घालायची वल्ही) जास्त दिसतात. म्हणून आदल्या रात्री तुलांबेनलाच मुक्काम करावा.

वाटेत वाळूच्या उतारावर गार्डन ईल (सापासारखे मासे, अर्धे वाळूत रोवलेले) आहेत, त्या बघायला थोडं थांबा. जवळ गेलात की अख्खी बाग जमिनीत गडप. जहाजाच्या वर ट्रेव्हली माशांचा मोठा थवा गोल फिरत असतो, सहसा चुकत नाही. रात्रीच्या डाइव्हला स्पॅनिश डान्सर ही लालभडक समुद्री गोगलगाय दिसू शकते.

एक गोष्ट राहिली. तुमचे सिलिंडर दुकानापासून पाण्यापर्यंत तुम्ही नेत नाही. गावातल्या बायका नेतात, डोक्यावर, त्या गोट्यांवरून, साध्या चपला घालून. आपण बुटातही धडपडत असतो. हे बघून मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. मग कळलं की त्यांचा संघ आहे, कामाची पाळी ठरलेली असते आणि सिलिंडर स्वतः उचलायला गेलात तर त्यांचा रोजगार जातो. तेव्हा उगाच माणुसकी दाखवायला जाऊ नका, वर बक्षिशी द्या.

प्रश्न असतील तर विचारा.

पोहतायेतनाही

मस्त लिहिलंय. नावावरून कळलंच असेल, माझ्यासारख्याने काय करावं? नवरा डाइव्ह करणार, मी काठावर गोटे मोजत बसू का?

काळीवाळू

@पोहतायेतनाही, गोटे बरेच आहेत, वेळ जाईल :) थट्टा सोडा, वरचा भाग पाच मीटरवर आहे म्हणजे समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असेल तर लाइफजॅकेट घालून, गाइडच्या हाताला धरून, स्नॉर्केलने वरूनच खूप काही दिसतं. मात्र लाटा असल्या तर पाण्यात शिरतानाच पाय निसटतो, त्या दिवशी हट्ट करू नका. आणि पोहायला शिका हो, वय काहीही असो.

होकायंत्र

लेख आवडला. काही तपशिलाची भर घालतो, सवय आहे.

१) हे जहाज आणि दुसऱ्या महायुद्धातली प्रसिद्ध 'लिबर्टी शिप्स' यांचा संबंध नाही. ती १९४१ पासून साच्यातून काढल्यासारखी सत्तावीसशेहून अधिक बांधली. तुलांबेनचं जहाज त्यांच्याहून पिढीभर जुनं, नुसतं नावाने लिबर्टी. १९६७ मध्ये इस्रायलने ज्याच्यावर हल्ला केला ते अमेरिकी नौदलाचं लिबर्टी तिसरंच. आंतरजालावर या तिघांची खिचडी केलेली सर्रास दिसते.

२) पाणबुडी बहुतेक ठिकाणी आय-१६६ म्हणून येते. हल्ल्याच्या वेळी तिचा क्रमांक आय-६६ होता, मे १९४२ मध्ये जपान्यांनी क्रमांक बदलले. जुलै १९४४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत टेलेमॅकस या ब्रिटिश पाणबुडीने तिला बुडवलं.

३) ओढून नेणारी व्हान घेंट पुढच्याच महिन्यात इंडोनेशियातच खडकावर चढून निकामी झाली. म्हणजे या गोष्टीतल्या तीन जहाजांपैकी एक पाणबुडीने मारलं, एक खडकाने, आणि पॉल जोन्स तेवढी युद्ध बघून घरी गेली.

शाळेत वॅलेस रेषा शिकलो होतो ती याच लोंबोक सामुद्रधुनीतून जाते. बालीकडे आशियाई प्राणी, पलीकडे ऑस्ट्रेलियाकडची छटा. माशांना अर्थात ही रेषा कुणी दाखवलेली नाही.

कर्वेरोडवरचा

गोष्ट छान आहे, वाद नाही. पण एक कळत नाही. लोखंडाचं भंगार समुद्रात पडलं, त्याच्यावर शेवाळं आणि मासे आले, की आपण लगेच 'निसर्गाने आपलंसं केलं' म्हणून गहिवरतो. तेच भंगार मुठेत पडलं की महापालिकेला शिव्या. समुद्रात टाकलेल्या कचऱ्याला पर्यटनाचं तिकीट लावलं एवढाच फरक ना? आणि जिथे ते पडलं तिथे आधी काय होतं, याचा हिशोब कुणी ठेवलाय का?

शिंपला

@कर्वेरोडवरचा, प्रश्न रास्त आहे. सागरी जीवशास्त्राचा अभ्यास करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिथे आधी काय होतं ते महत्त्वाचंच आहे. तुलांबेनचा तो उतार म्हणजे ज्वालामुखीची काळी वाळू, आणि ती सरकत राहते. पोवळ्याची अळी पाण्यात तरंगत येते, तिला चिकटायला न हलणारा टणक पृष्ठभाग लागतो. सरकत्या वाळूवर ती रुजत नाही, रुजली तरी गाडली जाते. अशा ठिकाणी सव्वाशे मीटरचं लोखंड येऊन पडलं आणि पडून राहिलं, म्हणजे त्या उतारावर पहिल्यांदाच एवढी टणक जमीन तयार झाली. शिवाय उंची मिळाली. प्रवाह अडतो, वळतो, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) घेऊन येतो. पाणी गाळून खाणारे समुद्रपंखे आणि मऊ पोवळी नेमकी त्या कडांवर बसतात, त्यांचा पंखा प्रवाहाला आडवा असतो. आतल्या अंधाऱ्या बाजूला स्पंज. लहान माशांना लपायला कपारी, त्यांच्यामागे मोठे.

लोंबोकच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरतं, तो या प्रवाहाचा एक मुख्य रस्ता आहे. आणि सगळा भाग प्रवाळ त्रिकोणात मोडतो, जगात कठीण पोवळ्यांच्या सर्वांत जास्त जाती याच पट्ट्यात. तेव्हा अळ्यांचा तुटवडा नव्हता, कमी होती ती जागेची. लिबर्टीचं यश जेवढं लिबर्टीचं, तेवढंच तिच्या पत्त्याचं.

पत्ता चुकला तर काय होतं तेही सांगते. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा प्रवाळबेटावर १९९१ मध्ये मासेमारीचं एक जहाज फुटलं. तिथल्या पाण्यात लोह जवळजवळ नाहीच. गंजणाऱ्या जहाजातून ते मिळायला लागलं आणि पोवळ्याच्याच दूरच्या नात्यातला एक जीव एवढा माजला की आजूबाजूचं जिवंत पोवळं त्याने झाकून मारलं. शेवटी अमेरिकी सरकारला ते जहाज तुकडे करून काढावं लागलं. जिवंत प्रवाळावर जहाज पडणं आणि ओसाड वाळूवर पडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्हाला आवडेल असं उदाहरणही आहे. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर सत्तरच्या दशकात वीसेक लाख जुने टायर समुद्रात टाकले, कृत्रिम प्रवाळभिंत होईल म्हणून. ते बांधलेले पट्टे तुटले, टायर वादळांत लोळत जाऊन खऱ्या प्रवाळावर आदळले. इतकी वर्षं झाली तरी ते काढणं चालूच. तो शुद्ध कचरा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

एक मूळ वाद अजून मिटलेला नाही. बुडालेल्या जहाजामुळे मासे वाढतात, की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा होतात? गोळाच होत असतील आणि वर जाळी लावली, तर आपण मासे वाचवत नसून पकडायला सोपे करून देतोय.

कर्वेरोडवरचा

@शिंपला, टायरवाला मुद्दा पोचला. बाकीचं पटलं नाही असं म्हणायची सोय ठेवली नाहीत. शेवटचा परिच्छेद मात्र तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलाय.

वाळवंटी_वारा

मी सौदीत असतो, तांबड्या समुद्रात डाइव्ह करतो. इजिप्तच्या बाजूला शाब अलीजवळ थिसलगॉर्म आहे, जगातलं बहुधा सगळ्यात जास्त बघितलं जाणारं बुडालेलं मालवाहू. लिबर्टीचं वाचताना दोन्हींतला फरक सारखा जाणवत होता म्हणून लिहितो.

थिसलगॉर्म १९४० मध्ये सुंदरलंडला पाण्यात उतरलेलं ब्रिटिश जहाज, वर्षा-दीड वर्षातच संपलं. ग्लासगोहून केपटाउनला वळसा घालून आफ्रिकेतल्या सैन्यासाठी सामान घेऊन आलं होतं, सुएझ कालव्याची वाट मोकळी व्हायची वाट बघत नांगरून होतं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन हाइंकेल विमानांनी गाठलं. बॉम्ब नेमका दारूगोळ्याच्या कोठारावर पडला, मागचा भाग फाटून निघाला. नऊ माणसं गेली. बाकीच्यांना जवळच्या कार्लाइल या युद्धनौकेने उचललं.

लिबर्टीचा माल काठावरच उतरवला गेला, इथला सगळा पोटात तसाच आहे. बेडफर्ड ट्रक, त्यांच्यावर उभ्या बीएसए मोटरसायकली, रायफली, रबरी गमबूट, विमानांचे सुटे भाग. डेकवर दोन वाफेची इंजिनं होती, ती स्फोटात उडून बाजूच्या वाळूत पडली आहेत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच समुद्रशोधक कूस्तोच्या चमूने हे शोधलं, नंतर जगाला विसर पडला आणि नव्वदीत डाइव्हिंगवाल्यांना पुन्हा सापडलं. तिथून त्याचे हाल सुरू झाले. वर एका वेळी इतक्या बोटी यायच्या की सरळ जहाजाच्या कठड्यांनाच दोर बांधायच्या. लाटेवर बोट उचलली की कठडा उखडतो. ऐंशी वर्षांत गंजाने केलं नसेल तेवढं नुकसान दोरांनी केलं. मोटरसायकलींची हँडलं, घड्याळं, पाट्या लोकांनी आठवण म्हणून नेल्या, ते आणखी वेगळंच.

तिथे मासे भरपूर आहेत, बॅटफिश, ट्रेव्हली, कधी डेकखाली कासव. पण लोक जातात ते ट्रक बघायला. कोठारात दहा-वीस जण एकदम घुसतात, सोडलेल्या हवेचे बुडबुडे छताला अडकतात आणि लोखंड आतून गंजतं. काळीवाळूताई म्हणतात तशी लिबर्टीत 'आत' ही भानगडच उरलेली नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

नऊ जण तिथेच गेलेत हे डाइव्हच्या आधीच्या माहितीत एका वाक्यात उरकतात. माझ्या बरोबरच्या एकाला तर ते ट्रकच्या फोटोंच्या नादात ऐकूही आलं नव्हतं.

काळीवाळू

@वाळवंटी_वारा, वा, हे वेगळ्या धाग्याच्या लायकीचं आहे. बोट न लागणं हा तुलांबेनचा किती मोठा फायदा आहे ते तुमच्या दोरांच्या वर्णनावरून आत्ता लक्षात आलं. तिथे नांगर टाकायला कुणी येतच नाही.

@शिंपला, जमवणं की वाढवणं या वादात माझं मत एवढंच, की जहाज फक्त जागा देतं. तुलांबेनमध्ये घर, दुकान, गाइड, सिलिंडरवाल्या बायका, सगळ्यांचं पोट त्या लोखंडावरच्या जिवंत माशांवर आहे. मेलेला बंपहेड बाजारात एकदाच विकला जातो. हे गावाला कळलेलं आहे म्हणून तो अजून तिथे आहे. नाहीतर रात्री एका जागी गाढ झोपणाऱ्या मीटरभराच्या माशाला भाल्याने मारायला कितीसा वेळ लागतो!

शिंपला

@काळीवाळू, अगदी. झोपेत सापडतात म्हणूनच त्यांची संख्या अनेक ठिकाणी ढासळली आहे, धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहेत ते. आणि गंमत म्हणजे हा प्राणी प्रवाळ खातो. ग्रेट बॅरियर रीफवरच्या अभ्यासानुसार एक मोठा बंपहेड वर्षाला पाच टनांहून जास्त प्रवाळ चावून त्याची वाळू करतो. ज्या जहाजावर पोवळं वाढावं म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तिथेच हा पाहुणा रोज मुक्कामाला.

नाक_कान_घसा

डॉक्टर म्हणून नावाला जागून लिहिते. कान, सर्दी, नाक दाबून दाब समान करणं हे सगळ्यांना माहीत असतं असं धरून चालते. सर्दी असेल तर जाऊ नका, नाकात थेंब घालूनही नको. औषधाचा असर खालीच उतरला तर वर येताना दाब अडकतो.

तुलांबेनबद्दल खास सांगायचं ते वेगळं आहे. विमान आणि डाइव्ह यांच्यामध्ये वेळ ठेवायचा हे लोकांना ठाऊक असतं. एकच डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८ तास, ही डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची शिफारस. पण ती केवळ विमानाला नाही, साधारण ६०० मीटरच्या वरच्या कुठल्याही उंचीला लागू होते. आणि तुलांबेनला सकाळी डाइव्ह करून दुपारी 'वाटेत किंतामणी करू' म्हणणारे पर्यटक मी स्वतः पाहिलेत. किंतामणी म्हणजे ज्वालामुखीच्या कडेवरचं गाव, ती कड दीड हजार मीटरच्या आसपास आहे! डाइव्हमुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन असताना तासाभरात तेवढं वर चढणं धोक्याचं, त्याचे बुडबुडे होतात. परत जाताना अमलापुराकडून किनाऱ्याच्या रस्त्याने जा. किंतामणी येताना करा. आगुंग चढायचा असेल तोही डाइव्हच्या आधी.

दुसरं, खोली. साध्या ओपन वॉटर (पहिल्या पायरीच्या) परवान्यावर १८ मीटर, ॲडव्हान्स्डवर ३०. लिबर्टीचा बराचसा बघण्यासारखा भाग १८ च्या आतच आहे. साधी हवा असेल तर कोष्टकानुसार १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात आणि ३० वर फक्त २०. तळाशी काय आहे या हट्टापायी निम्मा वेळ घालवू नका. नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) परवाना असेल तर ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण इथे उत्तम, मात्र त्याची मर्यादा ३४ मीटरच्या आत.

पोहतायेतनाही

@नाक_कान_घसा, आमच्या एजंटने दिलेल्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी सकाळी तुलांबेन आणि दुपारी किंतामणी असंच आहे. नवऱ्याला आत्ताच्या आत्ता दाखवलं. बदलून घेतोय. खूप खूप आभार.

निवतीचो_झील

बरा लिवल्यात. आमच्या हय पण जहाज बुडवतले म्हणान आयकताव. पुढचा शुद्ध मराठीत लिवतंय, नायतर पुणेकारांका समजूचा नाय.

नौदलाचं आयएनएस गुलदार. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज, पोलंडमध्ये बांधलेलं, ८३-८४ मीटरचं. जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त केलं आणि सिंधुदुर्गातल्या निवती रॉकच्या जवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं म्हणून पर्यटन महामंडळाकडे दिलं. कारवारहून आमच्याकडे विजयदुर्गला आणलं तेव्हा बघायला गर्दी होती.

मी डाइव्हिंगवाल्यांच्या होडीवर काम केलंय आणि आमचं घर मासेमारीवर चालतं, म्हणून दोन्ही बाजू बघतो. माझा काका म्हणतो, खडपाला (समुद्रातल्या खडकाला) जाळी अडकते तशी याला पण अडकणार, आणि फाटली की भरपाई कोण देणार? दुसऱ्या बाजूने खडप असलं की हेकरू आणि तांबोशी मासे धरतात हे त्यालाच सगळ्यात चांगलं माहीत आहे. तो आधीच हिशोब करतोय की कुठून गळ टाकता येईल.

वरच्या चर्चेवरून दोन प्रश्न. आमच्याकडे पाणी बालीसारखं स्वच्छ नाही. पावसाळ्यात सगळं बंद, एरवीसुद्धा गाळ आला की हाताची बोटं दिसत नाहीत. पर्यटकाला जहाज दिसलंच नाही तर? आणि पोवळं धरेल का?

शिंपला

@निवतीचो_झील, तुमच्या काकांना समितीवर घ्यायला हवं.

पोवळ्याबद्दल: मालवणच्या खडपांवर पोवळं आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. पण गाळ सहन करणाऱ्या जाती, वाढ सावकाश, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी. कोकणच्या समुद्रात खरा पोवळ्यांचा खजिना म्हणजे विजयदुर्गसमोर खोल समुद्रातला आंग्रे बँक, किनाऱ्याच्या गाळापासून शंभरेक किलोमीटर लांब. तेव्हा गुलदारवर दहा वर्षांत लिबर्टी उगवेल असं कुणी सांगितलं तर हसा आणि सोडून द्या. शिंपले, बार्नेकल, स्पंज, मऊ पोवळी आणि भरपूर मासे, हे मात्र नक्की होऊ शकतं. तेही थोडं नाही.

दुसरा फरक म्हणजे लिबर्टी एकवीस वर्षं काठावर सोलून निघालं होतं. मुद्दाम बुडवायचं जहाज आधी धुवावं लागतं. तेल, रंग, जुन्या केबल, ॲस्बेस्टॉस, सगळं. अमेरिकेने २००६ मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका पेन्साकोलासमोर बुडवली, तिच्या केबलमधल्या विषारी पीसीबीवरून किती वाद झाले ते शोधून वाचा. साफसफाई कशी झाली, याची कागदपत्रं गावाने मागायला हवीत.

कर्वेरोडवरचा

म्हणजे बालीत ज्वालामुखीने फुकट केलं ते आपण निविदा काढून करणार.

झीलभाऊ, चिमटा तुम्हाला नव्हता, आणि तुमचं शुद्ध मराठी आमच्यापेक्षा बरं आहे. काकांच्या जाळ्याचा प्रश्न मला यातला सगळ्यात खरा वाटला. त्या भागात मासेमारी बंद केली तर मच्छीमारांना काय मिळणार? आणि बंद नाही केली तर शिंपलाताई म्हणतात तसं मासे गोळा करून देणारं यंत्रच झालं ते.

काळीवाळू

@निवतीचो_झील, दिसण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आठ-दहा मीटरच दिसत असलं तरी जहाजाला मजा येते, ते गाळातून हळूहळू समोर येतं. पाच मीटरच्या खाली गेलं तर मात्र कुणी पैसे देऊ नयेत आणि होडीवाल्यांनी घेऊही नयेत. पाणी बघून डाइव्ह रद्द करायचा अधिकार गाइडला असला पाहिजे, बुकिंग घेणाऱ्याला नको.

जाळ्याचं म्हणाल तर तुलांबेनसारखं गावाच्या हातात हिशोब असेल तर काका ऐकतील. तिथे बाहेरची दुकानं खूप आहेत, पण सिलिंडर वाहण्याचं काम गावच्याच बायकांकडे आहे. निवतीत होडी कुणाची लागणार, गाइड कुठला, रोजचं शुल्क कुणाच्या खात्यात, हे बुडवायच्या आधी लेखी ठरलं का?

निवतीचो_झील

@काळीवाळू, तारकर्लीच्या संस्थेत आमच्यातली काही पोरं डाइव्हमास्टर झालीत, गाइड मिळायला अडचण नाही. होडीचं आणि शुल्काचं लेखी काही माझ्या तरी बघण्यात नाही. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत विचारतंय. शिंपलाताईंनी लिवलेला साफसफाईचा पण. काय कळला तर हय सांगतंय.

वाळवंटी_वारा

झीलभाऊ, जहाजाच्या चारी बाजूंना कायमचे मुरिंगचे (बोटी बांधायचे) बोये लावून घ्या, तेही पहिल्या दिवसापासून. आणि ते जहाजाला बांधू नका, वेगळ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधा. एवढं एक केलंत तरी आमच्याकडे झालं ते टळेल.

पोहतायेतनाही

कार्यक्रम बदलला! किंतामणी दुसऱ्या दिवशी, तुलांबेनला दोन रात्री, परतीचा रस्ता किनाऱ्याने. एजंट म्हणाला असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. काळीवाळूताई, गोट्यांवर चालायला साधे फ्लोटर चालतील का, की जाड तळव्याचे बूट घेऊ?

काळीवाळू

बूटच घ्या, जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे. फ्लोटर पहिल्या लाटेत जाईल. आणि पाण्यात शिरताना कमरेएवढ्या पाण्यात जाईपर्यंत फिन घालू नका, गाइड कितीही घाई करू दे.